साताऱ्यात फुलं-झाडं बघायला यायचंय? तीन दिवसांची आखणी अशी करा

दरवर्षी गणपती जवळ आले की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला, "कासला फुलं आली का गं?" मी विचारते, "कुठली?" पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "अगं, सगळी!"

सगळी फुलं एका दिवशी कधीच येत नाहीत. जूनच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत कासच्या पठारावर लग्नघरासारख्या पंगती उठत असतात. एक पंगत उठेपर्यंत दुसरीची पानं मांडलेली असतात, आणि तुम्ही ज्या तारखेला येता त्या तारखेची पंगत तुम्हाला मिळते. हे एकदा पटलं की सहलीची आखणी सोपी होते, निराशाही होत नाही.

मी साताऱ्याची. पंधरा-सोळा वर्षं घरच्या आणि बाहेरच्या माणसांना घेऊन या पठारांवर जाते आहे. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहिते. सल्ला एकच आहे, तो आधीच सांगते: ठिकाणं कमी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ बसा. वनस्पतींच्या सहलीत पळापळ केलेल्याला काही दिसत नाही.

पहिलं काम: जमीन आणि पाऊस समजून घ्या

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुका आहे, तिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक पेढे वाटतील. एवढ्या अंतरात सदाहरित जंगल संपून बोरी-बाभळी आणि निवडुंग सुरू होतात. सातारा शहर या दोन टोकांच्या मध्ये बसलेलं आहे, म्हणून मुक्कामाला तेच बरं.

दुसरी गोष्ट जांभ्याची. आपला सगळा सह्याद्री काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. पण काही डोंगरांच्या माथ्यावर त्या पाषाणावर जांभ्याची टोपी आहे. पाऊस आणि ऊन यांनी लाखो वर्षं खडक झिजवला, त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा तांबडा खडक. त्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर, काही जागी तेवढाही नाही. मोठं झाड मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा जागी टिकायचं तर चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि निघून जायचं. किंवा कंद होऊन जमिनीखाली झोपून राहायचं. कास, चाळकेवाडी, पाचगणीचं टेबललँड ही सगळी याच जांभ्याची पठारं. तिथली फुलं इतकी दाट आणि इतकी ठेंगणी का, याचं उत्तर या बोटभर मातीत आहे.

तारीख कशी ठरवायची

आधी काय बघायचंय ते ठरवा, मग रजा टाका.

जूनची अखेर ते जुलै हे दिवस कंदवाल्यांचे. जमीन भिजली की सापकांदा फणा काढून उभा राहतो, पांढरी दीपकाडी दिसते, चवरीची पानं वर येतात, ठेंगण्या आमरी, म्हणजे ऑर्किड, कातळाला चिकटून फुलतात. या दिवसांत पठारावर माणूस नसतं. धुकं मात्र इतकं असतं की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. पाऊस अंगावर घ्यायची तयारी असेल तर मला स्वतःला हाच काळ सगळ्यात आवडतो.

ऑगस्टमध्ये पांढऱ्या गेंदाची सुरुवात होते, हबेअमरी या आमरीचे तुरे येतात, उतारांवर पंदाच्या पांढऱ्या छत्र्या उघडतात. सप्टेंबर म्हणजे ज्याचे फोटो सगळीकडे फिरतात ते गालिचे. तेरड्याचा गुलाबी-जांभळा, कवल्याचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. ऑक्टोबर उजाडला की सोनकी डोंगर पिवळे करते, आणि गर्दी ओसरल्यावर जांभळी मंजिरी येते. तिच्यासाठी थांबणारे लोक फार थोडे.

फेब्रुवारी ते एप्रिल येणार असाल तर पठार विसरा, महाबळेश्वरच्या जंगलात जा. तेव्हा अंजनीच्या फांद्यांना बुंध्यापासून टोकापर्यंत गडद निळ्या फुलांचे झुबके लागतात. निळ्या फुलांचं झाड आपल्याकडे विरळाच, त्यासाठी एक वेगळी खेप करायला हरकत नाही.

कारवीची गोष्ट वेगळी आहे. कासच्या पठारावर टोपली कारवी आहे. झुडूप उपड्या टोपलीसारखं गोल वाढतं म्हणून हे नाव. ती सात वर्षांनी एकदा फुलते, तर डोंगरउतारावरची उंच कारवी आठ वर्षांनी. सगळी झुडपं एकाच वर्षी फुलत नाहीत, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात तुम्हाला ती अवचित भेटू शकते. केवळ तिच्या भरवशावर मात्र येऊ नका. आधी चौकशी करा.

पहिल्यांदाच येणाऱ्याला मी सप्टेंबरचे मधले पंधरा दिवस सांगते. आणि वार? मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवार टाळाच. एका रविवारी मी अकराच्या सुमाराचं बुकिंग केलं होतं. यवतेश्वरच्या घाटातच गाड्यांची रांग लागली, वर पोचेपर्यंत दुपार टळली, आणि सोबतच्या सत्तरीच्या आत्याबाईंना फुलांपेक्षा गाड्यांचे मागचे दिवे जास्त बघायला मिळाले. पुढच्या वर्षी त्यांना बुधवारी नेलं. सकाळी आठला आम्ही पठारावर होतो आणि आजूबाजूला मोजून वीस माणसं होती.

बुकिंग, मुक्काम, गाडी

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. महाराष्ट्रातली त्यातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर गर्दी इतकी वाढली की दिवसाला साधारण तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. हंगामात ऑनलाइन बुकिंग करून, वेळेचा टप्पा निवडून जायचं असतं. शुल्क आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी पठाराच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. टप्पा सकाळचा सगळ्यात पहिलाच घ्या. व्यवस्था वनखात्यासोबत आसपासच्या कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांची समिती बघते. तुमच्या शुल्कातून गावातल्या पोरांना हंगामाचं काम मिळतं, तेव्हा त्यात घासाघीस करू नका.

पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर, महामार्गाने. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. साताऱ्याच्या एसटी स्टँडवरून कास-बामणोलीकडे गाड्या जातात, पण त्या मोजक्या. परतीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून घ्या. चार-पाच जण असाल तर स्थानिक जीप ठरवणं सोयीचं, कारण तिसऱ्या दिवसाची ठिकाणं एसटीच्या वाटेवर नाहीत.

मुक्काम साताऱ्यात करा किंवा कास रस्त्यावरच्या घरगुती निवाऱ्यात. दुसरा पर्याय निवडलात तर बुकिंग करतानाच रानभाजी मिळेल का ते विचारा. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी घरोघरी होते. वनस्पती बघायला आलेल्या माणसाने त्यातली एखादी खाऊनही बघावी. भारंगीची भाजी किंचित कडसर लागते. नाचणीच्या भाकरीबरोबर घ्या.

पिशवीत काय घ्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग. बाकी काही विसरलं तरी चालेल, हे नको. घड्याळवाले वापरतात तसलं साधं भिंगही चालतं. गेंदाचं फूल म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी पांढरी गोळी, पण तिच्यात कितीतरी इवली फुलं दाटीने बसलेली असतात आणि ती भिंगाशिवाय दिसत नाहीत.

गुडघ्याखाली घालायला जाड गोणपाटाचा तुकडा किंवा जुनं रेक्झीन. छत्री नको, पठारावरचा वारा ती उलटी करतो, रेनकोट आणा. बुटांचे तळ खरखरीत हवेत, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं. जंगलात जाणार असाल तर जळवांसाठी चिमूटभर मीठ पुडीत बांधून घ्या आणि पँट मोज्यात खोचा. वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते. सहा इंची पट्टी फोटोत मापासाठी लागते.

मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे, फोटो काढायची पद्धत मात्र बदला. एका वनस्पतीचे चार फोटो घ्या: पूर्ण झाड, पान दोन्ही बाजूंनी, फूल समोरून, फूल बाजूने. नुसत्या फुलाच्या सुंदर फोटोवरून ओळख पटत नाही. घरी आल्यावर जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो पानाचा, आणि तेवढंच आपण काढलेलं नसतं.

पहिला दिवस: सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी

कासला पहिल्या दिवशी जाऊ नका. डोळा तयार व्हायला एक दिवस लागतो, तो या बाजूला घालवा.

सकाळी निघून सज्जनगडाच्या पायथ्याला या. साताऱ्यापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. समर्थांचं दर्शन घ्या, आणि चढताना-उतरताना वाटेकडेच्या कड्यांवर नजर ठेवा. भिंतीसारख्या उभ्या खडकातल्या भेगा म्हणजे वेगळंच राज्य आहे. पुणे-सातारा भागातल्या मोजक्या गडांच्या आणि डोंगरांच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक दुर्मीळ वनस्पती राहते. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या अभ्यासकाने तिला हे नाव दिलं ते बार्टल फ्रेअर यांच्यावरून. मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी हे फ्रेअर साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, होते, असा तिचा आपल्या गावाशीही धागा जुळतो. खोड मांसल, पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात पानगळ, आणि फूल तांबूस-किरमिजी चांदणीसारखं, त्यावर पिवळे ठिपके. ती नेमकी कुठे आहे हे मी लिहीत नाही, आणि तुम्हाला कधी दिसलीच तर तुम्हीही समाजमाध्यमावर जागा टाकू नका. अशा वनस्पती खणून नेणारे लोक असतात.

तिथून ठोसेघर. धबधबा बघायला अर्धा तास पुरे. त्याच्या अलीकडच्या झाडीत दगडांवर आणि फांद्यांवर वाढलेलं नेचं आणि शेवाळं बघा. पावसाळ्यात बेगोनियाची गुलाबी फुलंही ओल्या कपारींत असतात.

दुपारचं जेवण करून चाळकेवाडीच्या पठारावर चढा. पवनचक्क्यांचं पठार म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक लोक पवनचक्कीखाली फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मात्र कातळातल्या उथळ डबक्यांपाशी जा आणि वायतुरा शोधा. पाण्यावर तरंगल्यासारखी लांबट पानं आणि वर गुलाबीसर तुरा, ज्याची टोकाला दोन बोटं झालेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी. म्हणून नाव वायतुरा. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या अभ्यासकांनी १९८२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्याचं नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात नेणारी ही डबक्यातली वनस्पती आहे. नर आणि मादी तुरे वेगवेगळ्या झाडांवर येतात. भिंग लावलं तर फरक कळतो. जुलै-ऑगस्टमध्ये ती जोरात असते. सप्टेंबरमध्ये मिळाली तर नशीब. पाणी आटलं की ती कंद होऊन चिखलात निजते, म्हणून तुम्हाला नुसतं कोरडं डबकं दिसलं तरी त्यात पाय टाकू नका आणि गाडी तर अजिबात घालू नका.

अंधार पडायच्या आत उतरा. धुक्यात घाट वाईट.

दुसरा दिवस: कास, आणि फक्त कास

साताऱ्यातून साडेसहाला निघा. यवतेश्वरचा घाट, पेट्री, मग कास. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत. पठाराची उंची साधारण १२०० मीटर. आठशे पन्नासहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद इथे झालेली आहे, पण त्या आकड्याचं ओझं घेऊ नका. दिवसभरात तुम्ही नीट बघून वीस ओळखल्यात तर खूप झालं.

पहिला तास चालू नका. गाडी वाहनतळावर लावून आत आलात की आखलेल्या वाटेच्या कडेला जागा बघा आणि बसा. हे मला शिकवलं ते समितीच्या कामावर असलेल्या एका मावशींनी. मी उभ्याने, कमरेतून वाकून फोटो काढत होते. त्या म्हणाल्या, "ताई, वरनं काय दिसत न्हाई. खाली बसा, मग बघा." मी बसले. वहीच्या पानाएवढी जागा डोळ्यांनी आखून घेतली आणि तेवढ्यातच बघायचं ठरवलं.

सुरुवातीला फक्त गेंदाची पांढरी बटणं दिसली. मग त्यांच्या खाली सीतेची आसवं: केसाएवढ्या दांडीवर नखाएवढं निळं-जांभळं फूल. रावण सीतेला नेत असताना तिची आसवं जिथे पडली तिथे ही फुलं उगवली, असं आमच्याकडच्या आज्या सांगत. या नाजूक फुलाच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म किडा पिशवीच्या तोंडाशी आला की ती क्षणार्धात त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. दिसायला आसवं, पण वनस्पती मांसाहारी. कारण परत तेच: जांभ्याच्या मातीत नत्र जवळजवळ नाही, ते दुसरीकडून मिळवावं लागतं.

आणखी थोडं खाली, खडकाला टेकून, दवबिंदू नावाची वनस्पती होती. पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळचे साडेआठ झाले होते, सगळीकडचं खरं दव उडून गेलं होतं, हिचं मात्र तसंच चमकत होतं. एक बारीक मुंगी एका पानावर अडकली होती. तिचे मागचे दोन पाय थेंबात होते, पुढच्या पायांनी ती ओढ घेत होती, आणि शेजारचे केस हळूहळू तिच्याकडे कलत होते. हालचाल डोळ्यांना दिसत नव्हती. पाच मिनिटांनी परत बघितलं तेव्हा केस जवळ आलेले होते. मी तिथून अर्ध्या तासाने उठले. वहीच्या पानाएवढ्या जागेत सात वनस्पती मोजल्या होत्या, आणि पाठीमागून तेवढ्या वेळात तीन कुटुंबं "इथे काही नाही" म्हणत पुढे गेली होती.

मग चाला. तेरड्याच्या गालिच्याशी थांबा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण सगळे वापरतो, पण इथला तेरडा एकामागून एक फुलत राहतो आणि गालिचा आठवडे टिकतो. फुलाच्या मागे मधाची बारीक वळलेली नळी असते, ती बाजूने बघा. कवल्याची पिवळी फुलं समोरून बघा, मुलं तिला मिकी माऊस म्हणतात ते का हे लगेच कळेल. आभाळी आणि नभाळी यांच्या केसाळ जांभळ्या-निळ्या फुलांत गोंधळ होतो, तो होऊ द्या; दोन्हींचे पानांसकट फोटो काढून रात्री लावा.

कंदीलपुष्प, म्हणजे खरपुडीची मंडळी, गवतात शोधावी लागतात. फूल म्हणजे उभा कंदीलच. वरती पाकळ्यांची टोकं जुळलेली, खाली फुगीर नळी. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले असल्याने तिला बाहेर येता येत नाही. रात्रभर आत राहते, परागांचं ओझं अंगाला चिकटतं, मग केस मलूल होतात, फूल कलतं आणि माशी सुटते, ती पुढच्या कंदिलात शिरायला. हिचे कंद खाण्याजोगे असल्यामुळे पूर्वी गुराखी पोरं उकरून खात; काही जाती दुर्मीळ होण्यामागे तेही एक कारण आहे. दिसली तर वाटेवरूनच बघा. एका फुलाच्या फोटोसाठी चार पावलं आत टाकली की त्या चार पावलांखाली पुढच्या वर्षीचं बी आणि यंदाची रोपं दोन्ही जातात. बोटभर मातीला आपलं वजन पेलत नाही, ती दगडावर घट्ट दाबली जाते.

दहा-अकराला गर्दी वाढली की जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तलावाकडे चालायला लागा. सपाट, रुंद वाट आहे, आजी-आजोबाही हळूहळू जाऊ शकतात. तलावात पांढऱ्या झालरीच्या कुमुदिनी असतात. पाणी छोटंसंच आहे, काठावर चिखल असतो, लांबूनच बघा.

दुपारी पठारावर थांबू नका. खाली येऊन झुणका-भाकर खा आणि संध्याकाळी निवांत कास तलावाच्या बाजूला बसा. साताऱ्याला पाणी देणारा हा तलाव. त्याच दिवशी बामणोली, वजराई, तापोळा असं सगळं उरकणारे लोक मी बघते. त्यांना रात्री एकाही फुलाचं नाव आठवत नाही.

तिसरा दिवस: देवराई आणि वड, किंवा कोल्हापूरची बाग

इथे दोन वाटा आहेत. एकच निवडा.

पहिली वाट जंगलाची. कासजवळच घाटाईची देवराई आहे. पठार उघडं-बोडकं, आणि हाकेच्या अंतरावर ही गर्द सावली. देवीच्या धाकाने कुऱ्हाड लागली नाही म्हणून टिकलेली. अंजनी, जांभूळ, पिसा ही या उंचीवरच्या जंगलाची नेहमीची मंडळी. फुलं कमी, म्हणून बुंधे बघा, सालीचा पोत बघा, खोडावरची दगडफुलं आणि आमरी बघा. दर्शन घेऊन, चप्पल काढायची तिथे काढून, आवाज न करता तासभर बसावं. खाली पडलेलं पानही इथून नेत नाहीत, हा गावाचा नियम आहे असं समजून वागा.

तिथून परत साताऱ्यात येऊन महामार्गाने पुण्याच्या दिशेने निघालात की पाचवडजवळून वैराटगडाच्या पायथ्याला म्हसवे गावी जा. तिथला वड १८८२ मध्ये ली वॉर्नर या अधिकाऱ्याने मोजला होता. सावलीचा घेर १५८७ फूट, लांबी ५९५ आणि रुंदी ४४२ फूट. त्या काळी जगातल्या मोठ्या वडांत त्याची नोंद झाली. आज तो एक झाड वाटतच नाही, पारंब्यांची खोडं होऊन पसरलेली राई वाटते. लहान मुलांना इथे पारंबी, खोड आणि फांदी यांचा प्रवास दाखवता येतो: हवेत लोंबणारी पारंबी, जमिनीला नुकतीच टेकलेली, मनगटाएवढी झालेली आणि मिठीत न मावणारी. पुण्याकडे परतणाऱ्यांना हे वाटेतच पडतं.

दुसरी वाट बागेची, आणि सांगली-मिरजेकडून आलेल्यांना तीच सोयीची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात लीड बोटॅनिकल गार्डन आहे. साताऱ्यापासून १२० किलोमीटर, सांगलीहून पन्नासच्या आत. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त याच भागात उगवणाऱ्या, वनस्पती तिथे लावून जपल्या आहेत. कंदीलपुष्पांचा आणि ताडवर्गीय झाडांचा संग्रह मुद्दाम बघण्यासारखा. ही बाग म्हणजे मनोरंजनाचं उद्यान नव्हे, अभ्यासाची जागा आहे. म्हणून आठवड्याच्या कामाच्या दिवशी, वनस्पतिशास्त्र विभागाची आधी परवानगी घेऊन जा. आपण किती जण आहोत, काय बघायचंय, हे चार ओळींत लिहून कळवलं की काम सोपं होतं.

पठारानंतर बाग बघा, आधी नको. रानात अर्धा तास शोधून न मिळालेला कंदील तिथे कुंडीत, नावाच्या पाटीसह समोर असतो. रानात तो कुठल्या गवतात लपतो हे बघून आलेलं असलं की त्या कुंडीची किंमत कळते.

महाबळेश्वर या तीन दिवसांत कोंबू नका. लिंगमळ्याला १८६० च्या दशकात इंग्रजांनी सिंकोना लावून बघितला, हिवतापावरच्या क्विनीनसाठी. तो प्रयोग फसला. तिथलं मूळचं अंजनी-जांभळाचं जंगल मात्र अजून उभं आहे. त्याला स्वतंत्र दोन दिवस द्या, तेही फेब्रुवारीनंतर. आणि कोरड्या मुलखाची झाडं बघायची असतील तर सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य हिवाळ्यात करा.

मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर

मुलांना यादी द्या: एक मांसाहारी वनस्पती, एक तीन रंगांचं फूल, एक पानावर बसलेला किडा, एक खडकातून उगवलेलं रोप. तोडायचं नाही, सापडलं की वहीत चित्र काढायचं. आठ वर्षांचा माझा भाचा एका दवबिंदूपाशी इतका वेळ बसला की त्याला उठवायला आजीला यावं लागलं. वयस्करांसाठी घडीचं छोटं स्टूल घ्या आणि वाटेवरच ठेवा. स्वच्छतागृह प्रवेशद्वाराजवळच आहे असं धरून चाला, आत गेल्यावर सोय नाही. पाण्याच्या बाटल्या आणलेल्या तितक्याच परत न्या.

रात्रीचं काम

मुक्कामावर आलात की जेवणाआधी अर्धा तास काढा. दिवसाचे फोटो एकदा बघून प्रत्येक वनस्पतीपुढे वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे होती (कातळावर, डबक्यात, गवतात, झाडावर), किती उंच, आणि सोबतीला कोण होतं. नाव नाही आलं तर जागा रिकामी सोडा. अंदाजाने नाव लिहू नका, चुकीचं नाव एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाकलेत तर जाणकार ओळख सुचवतात. दुर्मीळ वाटणाऱ्या वनस्पतीची नेमकी जागा मात्र तिथे झाकून ठेवा, तशी सोय आहे.

माझ्या पहिल्या वहीत कासच्या पानावर अकरा रिकाम्या जागा होत्या. त्यातल्या नऊ भरल्या आहेत. उरलेल्या दोनांपैकी एक बहुधा नोव्हेंबरात फुलणारी असावी, तेव्हा यंदा दिवाळीनंतर सकाळच्या बामणोली गाडीने परत जाऊन बघणार आहे.